दहा मोजेपर्यंत

१४ जून

चिमणे,

तुला भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. नवी खोली हवेशीर आहे हे वाचून बरं वाटलं. आईचा निरोप : उघड्या खिडकीशी झोपू नकोस.

बेकरीत एक गंमत झाली. भट्टी तापली का, हे मी आत हात धरून बघतो, तुला ठाऊकच आहे. दहा मोजेपर्यंत हात टिकला आणि मग नकोसं झालं, की पाव आत. लहानपणी तू तीनलाच हात काढून पळायचीस आणि मी म्हणायचो, "ही कसली भट्टीवाल्याची पोर!" तर हल्ली माझा हात वीस मोजले तरी निवांत. मला वाटलं, भट्टीच मंदावली. लाकडं वाढवली. पावांचा कोळसा! गवंड्याला बोलावून सगळं खापर त्याच्या विटांवर फोडलं.

मग एकदा चहा देताना आईने माझा तळवा बघितला. "अहो, हे काय?" केवढा तरी फोड आला होता आणि मला पत्ताच नव्हता. तशीच दवाखान्यात घेऊन गेली.

तू साखर तपासा, तपासा म्हणत होतीस. तपासली. आकडा लिहीत नाही, तू फोनवर ओरडशील.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "काका, कातडीत दुखणं ओळखणाऱ्या नसा असतात. भाजायच्या आत हात मागे घ्या म्हणून त्याच सांगतात. साखरेने तुमच्या नसांचं बोलणं बंद केलंय." मी म्हटलं, "मला वाटलं हात पक्का झाला." त्या हसल्या नाहीत. बूट काढायला सांगितले.

आता लिहितोच. डाव्या बुटात खिळा वर आला होता. किती दिवस त्याच्यावर चालत होतो देव जाणे. मोजा रक्ताने चिकटला होता. अंगठा चिघळलाय. तो ठेवायचा की काढायचा, हे ठरायचं होतं, म्हणून तुला कळवलं नाही. परीक्षेत तुझा जीव टांगणीला लागला असता. मीही घाबरलो होतो गं, फार.

भट्टीत आता आई हात घालते. सातलाच "आई गं" म्हणून काढते, म्हणून आम्ही सातचं माप धरलंय. पाव झकास होतात. रोज रात्री माझे तळपाय आरशात दाखवून मगच मला झोपू देते.

काल पट्टी बदलताना बाईंनी अंगठ्याच्या कडेला चिमटा लावला आणि मी असा बोंबललो की बाहेरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी आत डोकावलंसुद्धा. बाई पहिल्यांदाच हसल्या. "दुखतंय? म्हणजे नसा जिवंत आहेत. मग कापायचं थांबवू या. अंगठा वाचेल असं वाटतंय." आई तिथेच पदराने डोळे पुसायला लागली. मला तर रात्रभर ठणकत होतं आणि मी पडल्या पडल्या तुझ्या त्या तीनला पळणाऱ्या हाताचं कौतुक करत होतो.

तो हात जप. परीक्षा झाली की ये.

ज्याचा अंगठा अजून ठणकतोय असा, सुखी,
तुझा बाबा