नाळेतल्या पायऱ्या

रत्नागिरी
ता. ४ डिसेंबर १९८५

ती. धाकूदादास,

यमूचा नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचा खोकला एकदाचा गेला. शाळेत स्नेहसंमेलनाची धावपळ चालू आहे आणि बाजारात बांगडा इतका आलाय, की मांजरंसुद्धा तोंड फिरवतात. तुझी खुशाली तू स्वतः कळवत नाहीस, म्हणून मी वहिनीच्या पत्रांवर भागवते.

कामाचं आधी लिहिते. जानेवारीत, थंडी आहे तोवर, आपण दोघांनी धोंडू धनगराच्या झापावर, त्याच्या त्या गवती झोपडीत जायचं. वाचलंस ते बरोबर आहे. डोंगरावर, नाळेच्या उभ्या घळीतून, आणि लहानपणी जायचो तसं सकाळी निघून संध्याकाळी परत. सगळं मी ठरवलंय. मध्ये बोलू नकोस. धाकटी असले तरी मास्तरीण आहे मी.

तू मुंबईहून रात्रीच्या एस.टी.नं खेडला उतर. मी आदल्या दिवशीच गावात येऊन घर झाडून ठेवते. तांबडं फुटायच्या आधी निघायचं. पऱ्याचं पाणी ओलांडून करवंदीच्या रानातून सड्याच्या मोकळ्या कातळावर, आणि सड्यावरून सरळ नाळेच्या तोंडाशी. ऊन डोंगरामागून वर येईपर्यंत नाळ सावलीत असते, तेवढ्यात ती चढून घ्यायची. पाणी वाहून न्यायला नको, मधल्या कपारीत अजून झरा आहे. बरोबर नाचणीच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी. धोंडूच्या हौसाकाकीसाठी सुके बांगडे आणि मीठ मी इथूनच घेते.

आई कशी बांधून द्यायची ते गाठोडं, आठवतं? वर मीठ-मासळी द्यायची आणि खाली येताना तूप आणायचं. रिकाम्या हातानं झापावर गेलेलं आईला चालायचं नाही. गाठोडं तुझ्या डोक्यावर, आणि त्या वासानं अख्ख्या वाटेवर माश्या तुझ्याभोवती. तरी तू पळायचास. त्या मोठाल्या धोंड्यांवरून अनवाणी, माकडासारखा. वर पोचलास की कड्यावर बसून ओरडायचास, "यमे, आलीस की तिथेच संसार मांडलास?" मी रडायला लागले की परत खाली यायचास आणि माझा हात धरून पुन्हा चढायचास. मी एकदा चढायचे तोवर तुझी नाळ दोनदा व्हायची. हौसाकाकी ताक ओतत राहायची, पुरे म्हटलं तरी ओतायची. आणि उतरताना मडक्यात बोट घालून तूप कोण खायचं आणि आईला नाव कुणाचं सांगायचं, ते मी अजून विसरलेले नाही.

इथवर लिहिलं आणि उठले. चहा केला, धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. ह्यांनी विचारलं, पत्र झालं का? म्हटलं, व्हायचंय.

दादा, तुझ्या पायाबद्दल लिहायचं टाळत होते. गोदीत पेटी पडली त्याला दोन वर्षं होत आली. वहिनी लिहिते, इस्पितळातून दिलेला नकली पाय तू कागदात गुंडाळून कॉटखाली सरकवलास, तो अजून तिथेच आहे. जिना उतरत नाहीस. दिवसभर खिडकीशी बसतोस. आणि गावाचा विषय निघाला की म्हणतोस, लंगडत गावात जाणार नाही. ते वाचून मला तुझा संताप आला, आणि मग पुष्कळ रडू आलं. तू घरी यावास एवढंच मला हवंय. बाकी झाप नि तूप हे सगळं त्याच्याचसाठी.

आता माझा शहाणपणा ऐक. दिवाळीत गावी गेले होते. धोंडूकाका तूप घेऊन खाली आला होता. मी त्याला सांगितलं, दादाला वर न्यायचाय, डोली आणि चार माणसं बघून ठेव. म्हाताऱ्यानं तुपाचं मडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "डोली वर रिकामी जाते, बाय. भरते ती खाली येताना."

खरंच की. आजारी माणूस, अडलेली बाई ह्यांना वरून खाली आणायला डोली. तिच्यात बसून वर गेलेला माणूस आपल्या मुलखात कुणी पाहिलेला नाही. आणि मी तुला त्याच नाळेतून खांद्यांवर मिरवत नेणार होते. तू माझ्याशी जन्मभर बोलला नसतास.

मला वाटलं, विषय तिथे संपला. पण मागच्या रविवारी घराची कौलं बघायला गेले, तर सड्यावरून पहारीचा आवाज ऐकू येत होता. जाऊन बघते तो नाळेच्या तोंडाशी धोंडूकाका एकटाच, बंडी काढून, धोंडे सरकवत होता. पायऱ्या लावतोय, दादा. सपाट धोंडा शोधायचा, पहारीनं लोटत आणायचा, खाली चिपा ठोकून बसवायचा, वर स्वतः उभा राहून नाचून बघायचा. ह्या वयात. खालच्या पायऱ्या झाल्यात, मी चढून पाहिल्या, एकही डुगडुगत नाही.

मला बघून म्हणाला, "बरी आलीस. धाकूचा तो पाय किती उचलतो?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

"मग इचार. खालच्या अदमासानं लावल्या. वर चढण उभी हाय. पायरी उंच झाली तर तेला हात द्यायला लागंल, आनि तो हात घ्यायचा नाय."

तुला इतका ओळखणारा माणूस तिथे बसलाय आणि तू खिडकीशी बसून राहतोस. काम तेवढ्यावर थांबलंय. पहार नाळेतच ठेवलीय त्यानं.

म्हणून एवढं कर. तो पाय बाहेर काढ, बांध, जिन्याशी जा आणि सुखानं उचलेल तेवढाच उचल. मर्दुमकी दाखवू नकोस. जमिनीपासून टाचेपर्यंत वहिनीला सुतळी धरू दे आणि तिथे कापू दे. चार बोटं भरली तर चार बोटं. पायऱ्या जास्त होतील, धोंड्यांना तिथे तोटा नाही. अंधार पडला तर झापावर राहू, हौसाकाकी काही हाकलणार नाही.

पत्र लिहायला जिवावर येत असेल तर लिहू नकोस. पाकिटात नुसती सुतळी घाल, ती मी वर पोचवते.

वहिनीला नमस्कार.

तुझ्या सुतळीची वाट बघणारी,
यमू