लाल पेनातलं ‘नाही’

चि. आभा,

काल दिल्लीहून पत्र आलं. किशोर कवींच्या सन्मानासाठी निवडलेल्या मुलांनी वर्षभराच्या समाजकार्याची वही पाठवायची होती, तुझी अजून पोचली नाही, असं लिहिलंय. तू गेलीस, हे त्यांना कळवायचं माझ्याकडून राहिलं.

वही तुझ्या कपाटात होती. सुकापूरच्या जनीबाईंकडे दर शनिवारी बसून तू त्यांची लग्नातली गाणी उतरवलीस. त्या गातात तसंच, ‘आमी’, ‘हाय’, ‘नाय’. ते सगळं मीच लाल पेनाने शुद्ध केलं होतं. “असं अशुद्ध दिल्लीला पाठवतात का?” म्हणालो होतो. तू वही कपाटात ठेवून दिलीस. पाठवली नाहीस. पंधरा दिवसांनी तुला ताप आला.

आज ती वही घेऊन जनीबाईंकडे गेलो आणि माझं शुद्ध केलेलं गाणं वाचून दाखवलं. त्या हसल्याच.

“दादा, ही कोन बाय गातंय? ही मी नाय.” मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “माझे पोरीनं लिवलेलं वाच.”

लाल रेघांखालचं तुझं अक्षर लावत वाचू लागलो, तर दुसऱ्या ओळीला त्या माझ्याबरोबर गाऊ लागल्या.

घरी आल्यापासून नव्या वहीत तुझं सगळं होतं तसं उतरवतोय. पहिल्या गाण्यात शब्दाशब्दाला माझं पेन अडत होतं. शेवटच्या गाण्यात अडलं नाय.

तुझा,
बाबा