तिळीच्या वाटची भूक

६ जुलै, रविवार
पप्पांना अर्धांगवायू झाल्यापासून गच्चीवरची शर्यतीची पाखरं माझ्याकडे. कबुतरं म्हटलेलं पप्पांना चालत नाही. माझं शिक्षण घरचंच, लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून दाणे निवडलेत. सध्या पिसं झडायचे दिवस, म्हणून वाटाणा, हरभरा जास्त. शिवाय मी प्रोटीन पावडर, कॅल्शियम आणि लसणाचं पाणी सुरू केलं. पप्पा खाटेवरून म्हणाले, बाय, पाखरामागे एक मूठ, जास्त नाही. माझी मूठ लहान आहे. म्हणून दोन.

१९ ऑक्टोबर
नवी पिसं चकचकीत. सगळ्यांत देखणी तिळी, अंगभर तिळासारखे ठिपके. पप्पांनी आजारपणाआधी वाढवलेली शेवटची मादी.
माझा भाऊ ज्यूड घोडबंदरच्या फ्लॅटवरून आलेला. म्हणाला, डॉक्टर सांगून थकले, पिसांची धूळ पप्पांच्या छातीला वाईट. सगळी पाखरं आंबिवलीच्या उत्तमला देऊन टाकू, तोही पाखरं उडवतो. पप्पा म्हणाले, मार्चमध्ये भुसावळहून पाखरं सोडतात त्या रेसमध्ये तिळी पहिल्या पाचांत आली तर पाखरं इथेच राहतील. ज्यूड म्हणाला, आणि नाही आली तर एकही नाही. पप्पांनी डाव्या हाताने हात मिळवला.
मला अजिबात टेन्शन नाही.

२५ डिसेंबर
पाखरांना शेंगदाणे. सण त्यांनाही असतो.

८ जानेवारी, सकाळ
पप्पांनी आजपासून अर्धा दाणा सांगितलाय. म्हणाले, दाण्याचा डबा वाजला की पाखरू खाली झेपावलं पाहिजे. पोट भरलेलं पाखरू घरापर्यंत येतं, पण खुराड्याच्या आत येत नाही, आणि आत आल्याशिवाय रेसमध्ये वेळ धरत नाहीत. पटलं. कडक अर्धा.

८ जानेवारी, संध्याकाळ
तिळीने माझ्याकडे पाहिलं. उद्यापासून कडक.

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
मार्ग सापडला. उपवासकाळ सुरू झालाच आहे, तर पाखरांच्या वाटची भूक मी घेते. मी अर्धं जेवायचं, त्यांनी पोटभर. घरातली एकूण भूक तेवढीच राहते. दाणे आता दिवसभर त्यांच्यासमोरच असतात, डबा वाजवायची वेळ येत नाही.

६ मार्च
शेजारची क्लेमेंटिना आंटी गच्चीवर आली. म्हणाली, अगं, तू चाललीस वाळत आणि यांची झालीत बदकं! ते स्नायू आहेत. आंटीला काय कळणार.

१४ मार्च
तिळीला रेसच्या गाडीवर सोडून आले. पप्पांनी विचारलं, अर्ध्यावर होती ना? मी म्हटलं, हो, अर्ध्यावर. मी होतेच. हे खोटं धरतात का, फादरना विचारायला हवं.

१५ मार्च, दुपार
तिळी आली! रेसच्या ग्रुपवर आतापर्यंत एकाच पाखराची नोंद! ती समोरच्या टॉवरच्या टाकीवर बसलीय. दमली असेल.

थोड्या वेळाने
डबा वाजवतेय. ती पिसं साफ करतेय. ग्रुपवर चार झाली. खालून पप्पा विचारतायत, आत आली का गं? मी म्हटलं, येतेच आहे.

आणखी थोड्या वेळाने
अकरा. ज्यूड जिन्यात उभा.

रात्री
अंधार पडताना आली, स्वतःच्या मर्जीने. पप्पांनी विचारलं, कधीपासून पोटभर देतेस? मी म्हटलं, जुलैपासून. मग त्यांनी दिवा बंद करायला सांगितला.

२२ मार्च
उत्तम पेट्या घेऊन आला. मी त्याला सप्लिमेंटची सगळी माहिती दिली. म्हणाला, ताई, आपल्याकडे दोनच सप्लिमेंट. मका आणि भूक.
पप्पा पेज घेत नाहीत. हवा पालटल्यामुळे असेल. पेजेत प्रोटीन पावडर घालून पाहिली.

९ एप्रिल
कपडे वाळत घालायला गेले तर गच्चीच्या कठड्यावर तिळी. आंबिवलीहून उडून आली. हातात घेतली तर छातीचं हाड टोचलं. परत कठड्यावर ठेवून रिकामा डबा वाजवला. सरळ आत.
आवाज खाली गेला असणार. पप्पांनी विचारलं, किती वेळा वाजवलास? एकदाच, मी म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बरं वाटलं असेल त्यांना.
उत्तम उद्या तिला न्यायला येतोय. तिला आज अर्धी मूठच दिली, कडक. पप्पांनी पेज तेवढीही घेतली नाही.