शेवटची दहा मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून लिहायचं. रोज. पावणे गावातल्या व्हॉल्व्हच्या फॅक्टरीत पंचवीस वर्षं लोकांच्या चुका लिहितो आहे, घरातल्या चुकांचीही कुठेतरी नोंद हवी. वही कपाटात, शर्टांच्या खाली. कोणी वाचायची नाही.
नोंद एक : ईश्वरी २३ तारखेला बंगळुरूला चालली. पहिली नोकरी. मला काहीही वाटत नाही. मुली जातात.
नोंद दोन : १४ तारखेला 'मिस्ट ओव्हर मॉर्विन'चा पाचवा आणि शेवटचा भाग लागतो आहे. तीनशे वर्षांचा व्हॅम्पायर, कॉलेजातली मुलगी, दोघांचं प्रेम, आणि धुकं. मला असल्या पिक्चरांची आवड नाही. आधीचे चारही भाग केवळ ईश्वरीला सोबत म्हणून पाहिले. ती चौदा वर्षांची होती तेव्हापासूनचा आमचा नेम आहे. ती माझ्याशिवाय हा पिक्चर बघूच शकत नाही.
त्याचं नाव ऑर्लिन, तिचं मेरिल. तिच्या बापाचा पेट्रोल पंप आहे. हे सगळं मला उगाच लक्षात राहिलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार
चहा बंद. (दुपारचा.)
सिनेमा बघायची माझी एक पद्धत आहे, ती लिहून ठेवतो. पिक्चर संपायला दहा मिनिटं उरली की उठायचं. मॉलच्या पार्किंगमधून तीनशे गाड्या एकदम निघतात, गेटवर पाऊण तास. आपली गाडी पहिली बाहेर. गेटचा दांडा वर गेला की ईश्वरी मला टाळी द्यायची. चार भाग, चार वेळा पहिला नंबर. आमच्या करंजाड्यात हे रेकॉर्ड दुसऱ्या कोणाचं असेल असं वाटत नाही.
आणि त्या दहा मिनिटांत असतं काय? पिक्चर कळायचा तेवढा कळलेला असतो. आम्ही क्वालिटीवाले शंभर व्हॉल्व्हमधले पाच तपासतो आणि लॉट पास करतो.
शिवाय या पिक्चरांना शेवटच नसतो. चारही भाग असे मध्येच संपलेत.

८ नोव्हेंबर, शनिवार
१४ ची तिकिटं काढू का, असं ईश्वरीला सहज विचारलं. ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, की बाबा, या वेळी मी संध्याबरोबर जाते, चालेल ना? संध्या म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली.
मी म्हणालो, चालेल काय, पळेल. सुटलो बुवा एकदाचा!
दुपारचा चहा घेतला. दोनदा.

९ नोव्हेंबर, रविवार
कारण सापडलं. मुलीला वाटतं, बापाला या वयात प्रेमाचे सीन बघताना अवघडल्यासारखं होतं. त्यात काही अर्थ नाही. तसे सीन आले की मी पॉपकॉर्नमध्ये बघतो, मला काही होत नाही.
ठरलं. मी एकटा जाणार. आणि नुसतं बघून यायचं नाही. फॅक्टरीत बिघडलेला माल येतो तेव्हा करतो तसा रीतसर इन्स्पेक्शन रिपोर्ट करायचा. बलस्थानं, कमकुवत बाजू, शेवटी पास की रिजेक्ट. आणि तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. बघूच.

१२ नोव्हेंबर, बुधवार
धनाजी म्हणून नवीन ऑपरेटर आला आहे. व्हॉल्व्हमध्ये पाण्याचं प्रेशर भरून दहा मिनिटं ठेवायचं असतं, गळतो का बघायला. याने आठव्या मिनिटाला काढला. म्हणाला, साहेब, आठ मिनिटांत काय गळलं नाही, आता काय गळणार?
सगळ्यांसमोर झापला. म्हटलं, अरे, गळायचा असतो तो शेवटच्या दोन मिनिटांतच गळतो. शेवट न बघता पास करणारा माणूस क्वालिटीत नको. त्याच्याकडून हेच वाक्य दहा वेळा लिहून घेतलं. फार शांत वाटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७
ईश्वरी पिक्चर बघून आली. डोळे लाल. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली. माझ्याकडे बघून हसली, मग बाथरूममध्ये गेली.
कसा होता ते मी विचारलं नाही. (तीनदा विचारलं. "तू बघ ना बाबा," एवढंच म्हणाली.)

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४
बघून आलो. एकटा. काही अडत नाही. पार्किंगमधून पहिला नंबर. टाळी द्यायला शेजारी कोणी नव्हतं, गेटवरच्या तिकीटवाल्याने वर पाहिलंसुद्धा नाही. रिपोर्ट तयार केला. जसाच्या तसा :

बलस्थानं. गोठलेल्या तळ्यावरचं युद्ध पहिल्या प्रतीचं. बर्फ तडकतो तेव्हा खुर्चीखाली तडकल्यासारखं वाटतं. खलनायकाचा कोट उत्तम, शिवण सरळ. चार भाग हिरोइनला हिरो सारखा उचलून नेत होता, जणू तिला पायच नाहीत. या भागात ती स्वतः व्हॅम्पायर होते आणि त्यालाच पाठुंगळीला घेऊन तळं पार करते. इथे थिएटरात शिट्टी झाली. (कोणी मारली ते महत्त्वाचं नाही.)

कमकुवत बाजू. पहिली आणि सगळ्यात मोठी : बापाला न्याय दिलेला नाही. बिचारा पाच भाग पंपावर उभा आहे. पोरगी कोणाबरोबर फिरते, रक्त पिते की सरबत, त्याला कोणी सांगत नाही. या भागात ती कायमची गाव सोडते, आणि बापाचं पुढे काय झालं ते दाखवलेलंच नाही. दिग्दर्शकाला मूलबाळ नसावं.
दुसरी : एकमेकांकडे नुसतं बघत राहणं एकूण अकरा मिनिटं. घड्याळ लावून मोजलं. तुळशीचं लग्न अर्ध्या तासात लागतं, यांना पाच भाग लागले.
तिसरी : युद्ध चांगलं, पण लांबलं. बावीस मिनिटं.
चौथी : हिरो तीनशे वर्षं कामधंदा करत नाही. मग घर चालतं कशावर?
पाचवी : शेवट नाही.
निकाल : रिजेक्ट. लाल टॅग.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११
रिपोर्ट ग्रुपवर टाकला. सेक्रेटरी नंदकिशोर यांनी अंगठा दाखवला. पाण्याच्या टँकरच्या मेसेजलाही तेच दाखवतात, पण दाखवला.
मग संध्याचा मेसेज. तिची आई मोबाइल वापरत नाही, म्हणून ग्रुपवर तीच असते. लिहिलं होतं, काका, मेरिलच्या बाबांचं काय झालं तोच तर शेवटचा सीन आहे! प्रत्येक भागात शेवटचा सीन त्या बाबांचाच असतो. तुम्ही बघितला नाही का?
मी उत्तर दिलं, की हे ज्याच्या त्याच्या दृष्टिकोनावर अवलंबून आहे. त्यानंतर नंदकिशोर यांनी गुलाबाचं फूल टाकलं.
रिपोर्ट डिलीट केलेला नाही. करणारही नाही.

तोच दिवस. दुपारी ३
बायकोला, जयमालाला म्हटलं, काय गं ही पोरगी, वाटेल ते लिहिते. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, की ते खरंच आहे. ईश्वरी प्रत्येक भाग दोनदा बघायची. एकदा तुमच्याबरोबर, आणि दुसऱ्या दिवशी संध्याबरोबर, शेवट बघायला.
मी म्हटलं, चारही वेळा? मग मला सांगायला काय झालं होतं?
जयमाला म्हणाली, "अहो, गाडी पहिली निघाली की तुम्ही इतके खूष व्हायचात. तिला ते मोडवत नव्हतं. आता शेवटचाच भाग आहे, तर म्हणाली, एकदा तरी पहिल्याच दिवशी पूर्ण बघते."
मी समोर बसून एक जुडी निवडली. मेथी चांगली निघाली आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या स्टोअरचा पंढरी, मूळचा पावणे गावचाच. त्याला नाव न घेता विचारलं, की एक माणूस असा असा आहे, शेवटच्या दहा मिनिटांत उठतो, तुझं काय मत? पंढरी हसून म्हणाला, "साहेब, तुमी पिक्चर बगाला जाता का गारी काढाला?"
मी म्हणालो तो माणूस मी नाही. तो म्हणाला, "बरा हाय."
धनाजी दहाच्या दहा मिनिटं प्रेशर भरलेल्या व्हॉल्व्हजवळ उभा होता. माझ्याकडे बघून घड्याळ दाखवलं. आगाऊ आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६
प्रतिज्ञा. २२ तारखेला, शनिवारी, ईश्वरीबरोबर पाचवा भाग पूर्ण बघायचा. शेवटचं नाव पडद्यावरून जाऊन सफाईवाले झाडू घेऊन आत आले तरी हलायचं नाही. तीनशे काय, तीन हजार गाड्या निघू देत.
तिला विचारलं. ती क्षणात हो म्हणाली. दुसऱ्यांदा बघणार आहे, माझ्यासाठी. मग माझ्याकडे जरा निरखून बघत तिने विचारलं, नक्की ना बाबा? मी म्हटलं, तुझ्या बापाने शब्द दिला आहे.
गाडी न नेता रिक्षाने जावं, असं जयमालाचं मत. मी म्हटलं, माझ्या मनावर माझा ताबा आहे. गाडीच नेणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०
सगळं ठरल्याप्रमाणे झालं. जवळजवळ.
तळं, बर्फ, पाठुंगळी, सगळं उत्तम. अकरा मिनिटं बघणं या वेळी तेवढं लांब वाटलं नाही. ईश्वरीने माझ्या हातावर हात ठेवला होता. दहा मिनिटं उरली. मी हललो नाही. पडद्यावर पेट्रोल पंप आला, बाप दार उघडून बाहेर आला, हातात फडकं. आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतली दोन माणसं उठली.
दोन माणसं, म्हणजे एक गाडी. उजवीकडून आणखी एक कुटुंब उठलं. म्हणजे दोन गाड्या. माणसाच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते.
मी चांगला मार्ग काढला. ईश्वरीच्या कानात म्हटलं, तू आरामात शेवट बघून ये, मी तोवर गाडी गेटपाशी आणून ठेवतो. दोघांचंही काम झालं. कोणालाही त्रास नाही. हे मला आठ वर्षांपूर्वीच सुचायला हवं होतं.
ती आली तेव्हा डोळे पुन्हा लाल. एसी फार ठेवतात. मी म्हटलं, बघ, पहिला नंबर! तिने टाळी दिली. जरा हलकी.
घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. शेवटी काय होतं ते मी विचारलं. म्हणाली, जाऊ दे ना बाबा.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १
बस कळंबोलीच्या पुलाखालून साडेसहाला. आज मात्र चूक नाही. बस सुटेपर्यंत थांबायचं. तिच्या खिडकीखाली उभं राहायचं. बस दिसेनाशी झाली की मगच मागे वळायचं. पिक्चर वेगळा, हे वेगळं. एवढं कळतं मला.
जयमालाने डब्यात पुरणपोळ्या भरल्या. ईश्वरीने बॅगेत जागा नाही म्हणून दोन जीन्स काढून ठेवल्या आणि पहिल्या भागाच्या वेळी घेतलेला, धुक्याचं चित्र असलेला टी-शर्ट घेतला. लहान होतो तिला.

तोच दिवस. संध्याकाळी ८.१०
बसला पंधरा मिनिटं उशीर होता. पुलाखाली दोन्ही बाजूंनी गाड्या लागलेल्या. सगळ्या सोडायला आलेल्यांच्या. बस सुटली की या सगळ्या एकदम निघणार, हे कोणीही सांगेल. मी ईश्वरीला म्हटलं, बॅगा चढव, मी नुसतं गाडीचं तोंड फिरवून येतो. दोन मिनिटं.
ती म्हणाली, बाबा, नको. मी म्हटलं, अगं दोन मिनिटं.
कळंबोलीला गाडी वळवायला किती लांब जावं लागतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पलीकडच्या रस्त्यावर सिग्नलला होतो तेव्हा बस समोरून गेली. हॉर्न वाजवला. सगळेच वाजवत होते.
जयमाला रस्त्याच्या कडेला एकटी उभी होती. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, की ड्रायव्हर ओरडेपर्यंत पोरगी दारातच उभी होती.
आत्ता ईश्वरीचा मेसेज आला. लिहिते : बाबा, शेवट मीच सांगते, तुझ्याने काही बघून होणार नाही. मेरिल बापाला भेटायला पंपावर येते. दोघं फार बोलत नाहीत. ती जाते. तो रस्त्यावर येऊन उभा राहतो. गाडी धुक्यात दिसेनाशी होते, तरी तो उभाच असतो. बस, एवढंच. मला खिडकी डावीकडची मिळाली. खूप शोधलं, तू दिसला नाहीस. जेवून घे.
दोनदा वाचला.
मग रिपोर्ट काढला. कमकुवत बाजू, क्रमांक एक, 'बापाला न्याय दिलेला नाही', तांबड्या पेनने खोडली. त्याखाली सही केली. बाकी रिपोर्ट कायम. युद्ध लांबलंच आहे, त्यावर मी ठाम आहे.
कळंबोली ते करंजाडे, रविवारची संध्याकाळ, वीस मिनिटं. पुलाखालून पहिली गाडी आमची निघाली. हे माझं आजवरचं सगळ्यात मोठं रेकॉर्ड आहे. असल्या रेकॉर्डला टाळी ईश्वरी द्यायची.