खिळ्यावरच्या कोऱ्या चिठ्ठ्या

३ मार्च, रविवार

टाकी धुवायची पाळी आज माझी होती. कंबर धरली, पण मन खूश. सात नंबरचे मास्तर सामान घेऊन गेले, घर रिकामं झालं. आणि यादीत पहिला नंबर इस्त्रीवालीचा! बांधकामाच्या वेळी या बाईने आमच्या बरोबरीने विटा वाहिल्या, आणि घरं मात्र तिच्या आधीच्या नंबरवर संपली. चार वर्षं थांबलीय. तिचा घरमालक मनाला येईल तेव्हा भाडं वाढवतो. आमच्याकडे मालकच नाही. कर्जाचा हप्ता नि दुरुस्ती, त्याचे एकोणीस घरांत एकोणीस वाटे, झालं भाडं. विकायचं नाही, नफा काढायचा नाही.

"खिडकीचं माप दे ना, पडदे शिवायला घेते," म्हणाली. म्हटलं, आधी बैठकीत नाव तर पक्कं होऊ दे. उगाच म्हटलं. द्यायला हवं होतं माप.

९ मार्च

एका कंपनीचा माणूस येऊन गेला. गोड बोलणं, चकचकीत बूट. म्हणे, तुमचं कर्ज आम्ही फेडतो, प्रत्येकाला घर स्वतःच्या नावावर करून देतो. बदल्यात सात नंबर आमचा, आणि वर दोन मजले चढवून आम्ही विकणार.

म्हणजे इस्त्रीवाली गेली उडत.

नियम आहे — असं काही करायचं तर सगळ्या राहत्या घरांचा, म्हणजे आता अठराच्या अठरांचा होकार हवा. मग सतरा जण नाचोत, मी नाहीच म्हणणार. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हे जेवताना म्हणाले, "आपल्या नावावर आहे काय? भिंतीत खिळा ठोकायचा तरी बैठकीत विचारा." खिळा कधी ठोकलाय यांनी? तोही मीच ठोकते.

वायरमनदादा गप्प होते. सगळी वास्तू त्यांच्यासोबत उभी केली, मला सख्ख्या भावासारखे. तेच गप्प. आवडलं नाही.

१६ मार्च

उद्याच्या बैठकीला मी नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात दोघी आजारी, माझी डबल ड्यूटी. दादांना फोन केला — "आमच्या दारामागच्या खिळ्यावरची चिठ्ठी न्या, नकार लिहा." इमारतीच्या कामाची पाळी चुकली की बदली माणसासाठी आम्ही कोरी चिठ्ठी सही करून ठेवतो. माझ्या तर कायम चार-पाच लटकलेल्या. मतालाही चिठ्ठी चालावी, हा ठराव माझाच! "एवढा विश्वास नसेल तर एकत्र राहायचं कशाला?" असं भाषणही ठोकलं होतं.

१७ मार्च

मंजूर. अठरा होकार.

जिन्यातच दादांना गाठलं. माझ्या सहीवर होकार कुठून आला? टेस्टर हातात फिरवत उभे. "खरं सांगू, तुझा नकार धरूनच आम्ही बऱ्याच जणांनी होकार दिला. उगाच शेजाऱ्यांशी वैर कशाला." आणि माझी चिठ्ठी? त्यावर एवढंच, "बस, चहा घे." चहा! मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. विकला गेलास, म्हटलं. सगळा मजला दारात येऊन ऐकत होता. त्यांनी मान वर केली नाही.

१८ मार्च

उठले तर ह्यांनी चहा करून ठेवलेला. लग्नानंतर बहुतेक दुसऱ्यांदा. "झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नकोस." तेवढं तरी आहे माझं माणूस.

दादांनी रुजवलेली जास्वंद आमच्या गॅलरीत आहे. पाणी घातलं नाही.

२० मार्च

इस्त्रीवालीला सांगायला गेले. आधीच कळलं होतं. इस्त्री न थांबवता म्हणाली, "तूही होकार दिलास म्हणे." नाही म्हटलं. शपथ घेतली. तिने कॉलर उलटी करून नीट दाबली, नि पुढचा शर्ट घेतला. मला रडूच आलं तिथे.

२२ मार्च

दादांना म्हटलं, मतपेटी उघडा. किल्ली त्यांच्याकडेच असते. "उघडली तर तुलाच त्रास होईल." धमकी देतोय मला! रविवारी भर बैठकीत मागणार. आठ वर्षं दादा-दादा केलं या माणसाला, त्याची लाज वाटते.

२३ मार्च

दुपारी दादा आले. हे घरात नाहीत हे बघूनच आले असावेत. चिठ्ठी हातात ठेवली. "मी न्यायला आलो तेव्हा घडी घालून तयारच मिळाली. पेटीत टाकली. मोजताना उघडली, तेव्हा दिसलं." आणि खाली उतरून गेले.

सही माझी. वर 'होकार' — त्या 'ह'ची शेपटी पार खालच्या ओळीपर्यंत. लग्नापासून सतरा वर्षं घरच्या वाण्याच्या यादीत बघतेय ही शेपटी.

जास्वंदीला पाणी घातलं. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली, उद्या बैठकीत लागेल. मग टेप घेऊन सात नंबरात गेले, आणि इस्त्रीवालीला खिडकीचं माप कळवलं.