संतोषचं 'तुम्ही'

मंगळवार, रामवाडी

आमचा हुकमी चढाईपटू संतोष यंदा आपल्याच कबड्डी संघासाठी सही करणार की नाय? आज सराव संपल्यावर सरळच विचारलं. हसत म्हणाला, "सर, आपण कुठं जातोय!"

जीव भांड्यात पडला. मग चहा पिताना हाच गडी बाकीच्यांना सांगतो, "डावा कोपरा सांभाळा, यंदा तुम्ही जिंकाल."

तुम्ही?

गेल्या वर्षी सामन्यामागून सामने हरलो, तेव्हा एकट्याने चढाया करून दमलेला हाच पोरगा "आपण हरलो" म्हणायचा. मग मघाचं 'आपण' म्हणजे कोण? आपण सगळे, की नुसता तो? ऐटीत असली की पोरं स्वतःलाच 'आपण' म्हणतात. रोह्याच्या संघाने बोलावलं असणार. नायतर पायात नवे बूट कुठून आले? की मीच उगाच एक शब्द चिवडत बसलोय?

जेवताना बायकोने विचारलं, "आपला संतोष राहतोय ना?"

"त्यांचा पोरगा तो. आपण काय सांगणार?"

"त्यांचा?" तिने विचारलं. तेव्हा कुठे कळलं. त्याने सही करायच्या आधीच मी त्याला रोह्याला पोचवून आलो होतो.