दुसऱ्या ट्रॅकवरचा आवाज

अप्पा, तुमचा आवाज मीच घालवला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे एक वाक्य लिहायला मला आजचा दिवस उजाडावा लागला. आपल्या घरात देवनागरी वाचणारी आता मी एकटीच उरले आहे, तीही तुम्ही सुट्टीत कान धरून पाटीवर गिरवून घेतलंत म्हणून. दादा तर आपलं मराठी तमिळ अक्षरांत लिहितो. त्यामुळे हा कागद टेबलावर उघडा पडला तरी तंजावरात कुणी वाचायचं नाही. आणि माझी भाषा बघा! आहे का हिच्यात आपलं काही? लेक पुण्याला दिल्यापासून विहीणबाईंशी फोनवर बोलून बोलून मी ही इस्त्री केलेली मराठी शिकले. तुम्ही असता तर पहिल्याच ओळीला हसला असता.

तुम्ही नोकरीतून रिटायर झालात आणि लहान कॅसेटचा तो कॅमेरा घेतलात. मला अजून तो दिवस दिसतो. मी डांगर पचडीसाठी उडदाचं पीठ दह्यात कालवतेय, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात कॅमेरा घेऊन उभे आहात, आणि मी शहाणी, तुमच्याआधी माहितीपुस्तक वाचून बसलेली. "अप्पा, आवाज सोळा बिटवर ठेवा. चांगला येतो. बारा बिट कशाला घेतलंत?" तुम्ही म्हणालात, "बारावर ठेविलें कीं दोन जागा मिळतात. एकींत घरचा गलबला, दुसरी रिकामी. तींत मी मागाहून बोलेन." मी म्हटलं, "आणि खरखर आली तर?" तर चिडलात. "येऊं दे! मला काय कचेरी भरवायची आहे गाण्याची? तुला कळतं सगळं, ऐकूं मात्र येत नाहीं." मी तोंड फुगवून पातेलं आपटलं होतं.

मग दर रविवारी दुपारी जेवणं झाली की तुम्ही माइक लावून बसायचात. चित्रात वाढदिवस, मुंज, तिरुवैयारुला नदीवर केलेली सहल, आणि वरून तुमचं बोलणं: हा कोण, ती कुणाची, ह्या भाजीला आपण काय म्हणतों. माझ्या लेकीसाठी होतं ते सगळं. तिला आपलं बोलणं समजायचं, पण उत्तर द्यायची तमिळमध्ये. मोठ्यानं बोलायची सवय तुमची, शेजारच्या बायका खिडकीतून बघायच्या. मी दार लावून घ्यायचे.

तुमच्यामागं लेकीचं लग्न ठरलं. साखरपुड्याला पुण्याची मंडळी आली, आणि आपल्या आत्यानं पानावर बसलेल्या विहीणबाईंना विचारलं, "तुम्हीं आणीक थोडें घेतां कीं नाहीं?" त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "अय्या, किती गोड! अगदी बखरीतलं बोलता हो तुम्ही!" सगळी पंगत हसली. आत्याही हसली बिचारी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नात द्यायला लेकीच्या लहानपणाची डीव्हीडी करायची होती. जुन्या बस स्टँडजवळच्या स्टुडिओत मी दोन दिवस त्या माणसाशेजारी खुर्ची टाकून बसले. पहिली डिस्क आमच्या प्लेयरवर वाजली, दादाच्या घरी मुकी. तेव्हा कळलं, आवाज कुठल्या पद्धतीनं भरला यावर सगळं असतं. पीसीएम घेतला तर आवाज स्वच्छ, पण जागा इतकी खातो की चित्राला कमी पडते. डॉल्बी आटोपशीर, आणि कुठल्याही प्लेयरवर वाजतो. तुमच्या बारा बिटचा आवाज बत्तीस किलोहर्ट्झचा, डीव्हीडीला अठ्ठेचाळीस लागतो, म्हणून तो बदलून घ्यायचा. हे सगळं मी शिकले, अप्पा, आणि ताठ मानेनं त्याला सांगत होते, हे असं कर, ते तसं कर.

मग त्यानं विचारलं, दुसऱ्या जागेवर म्हाताऱ्यांचं बोलणं आहे, त्याचं काय? "रेंडुम् वेच्चिक्कलामे, अम्मा." दोन्ही ठेवता येतील. एकाच डिस्कवर दोन ट्रॅक, रिमोटचं बटण दाबलं की आवाज बदलतो. मला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचा दिवाणखाना आला, कुणीतरी ते बटण दाबतंय, आणि सगळे हसतायत. मी म्हटलं, "नको. काढून टाका." त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. घरी सगळ्यांना सांगितलं की अप्पांचा आवाज डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बसला नाही. आपल्या घरात त्यातलं कुणाला काय कळतंय! सगळ्यांनी मान हलवली. कॅसेटा लोखंडी पेटीत गेल्या, आणि त्यांना पांढरी बुरशी आली.

आता लेकीची लेक चार वर्षांची आहे. लेक म्हणते, "आई, आजोबा कसं बोलायचे ते हिला ऐकवायचंय, कुठं काही मिळेल का बघ ना." आणि कोण म्हणतं माहीत आहे? विहीणबाई! "इतकं जुनं मराठी, जपायला हवं होतं हो." अय्यो, फोन भिंतीवर आपटावासा वाटला मला. पण त्यांच्यावर कसली चिडू? त्यांनी एकदा हसून सोडून दिलं. पुसून टाकणारी मी.

गेल्या महिन्यात पेटी घेऊन त्याच स्टुडिओत गेले. तो माणूस आता पिकलाय. बाकी सगळ्या गेल्या, एका कॅसेटमधली चार मिनिटं निघाली. लेकीचा तिसरा वाढदिवस. त्यानं दुसरी जागा लावली आणि तुम्ही बोलायला लागलात. खरखर आहे, मागं कुकरची शिट्टी आहे. "ही तुझी आई. मी बोलूं लागलों कीं ही दार लावून घेते. लावूं दे. लाज वाटते तिला. उद्यां तुलाही वाटेल. वाटली तर आईवर रागावूं नको, ती वाईट नाहीं." एवढं बोलून तुम्ही खोकलात, आणि पुढं वाटीतल्या खिरीबद्दल सांगत राहिलात. तुम्हाला ठाऊक होतं, अप्पा. मला एका शब्दानं बोलला नाहीत. मी त्या परक्या माणसासमोर पदर तोंडात धरून रडले.

ह्या वेळी दोन्ही ट्रॅक ठेवले. डिस्क तयार आहे, पाकिटावर पुण्याचा पत्ताही घातला आहे. पण ती ऐकली की लेकीला कळणार, की आवाज बसत होता. आज सकाळी तिचा फोन आला, "मिळालं का गं काही?" मी म्हणाले, "नाही गं, सगळ्या कॅसेटा खराब निघाल्या."